नाटकाच्या ट्रकमधून आलेलं जंगल

मी आयुष्यभर झाडं विकली आणि एकही फुकट दिलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. त्याच्या घरभरणीला आंब्याचं कलम घेऊन गेले, एका हातानं ते त्याच्या हातात ठेवलं आणि पैशासाठी दुसरा हात पुढे केला. वहिनीचं तोंड त्या आठवणीनं अजून वाकडं होतं. पण आंबा जगला आणि दर उन्हाळ्यात वहिनी त्याच आंब्याचं लोणचं मला पाठवते, तेव्हा तिचं तोंड वाकडं होतं की नाही हे मी बघायला जात नाही.

कारण साधं आहे. विकत घेतलेल्या रोपाला माणूस बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करतो, आठवणीनं पाणी घालतो. फुकटचं रोप दोन दिवस दाराशी पडून राहतं आणि मग बकरीच्या पोटात जातं. माझ्या धंद्यात हा एवढाच कायदा होता. या अंकासाठी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असा निरोप आला, तेव्हा आधी हा कायदाच आठवला. कारण तो मोडायची पाळी माझ्यावर एकदाच आली, आणि त्या वेळी जे काही घडलं ते सांगायला घेतलं की मला हसू आवरत नाही. लिहितानाही आवरत नाहीये, अक्षर वाकडं येतंय.

लाखनीला हायवेच्या कडेला आमची नर्सरी होती. शेजारीच आमच्या ह्यांचं पंक्चरचं दुकान. ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला की वेळ जावा म्हणून माझ्या नर्सरीत हिंडायचा आणि बऱ्याचदा टायरसोबत एखादं लिंबाचं रोप घेऊन जायचा. माझी झाडं कुठे कुठे गेली याचा मलाच पत्ता नाही. पंजाबातल्या कुठल्यातरी ढाब्यामागे भंडाऱ्याचा आवळा उभा असेल असं मनात आलं की मला फार बरं वाटतं.

मी मूळची विणकराच्या घरातली. आमच्याकडे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड व्हायचं. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, हा धागा येतो कुठून? ते म्हणाले, दुकानातून. मग आजोबांनी सांगितलं की कोशाची अळी ऐनाचा पाला खाते आणि तो धागा काढते, म्हणजे आपण सगळे ऐनाच्या झाडावर जगतो. मी म्हटलं, मला ऐन दाखवा. घरात कोणालाच ते झाड ओळखता येईना. सात पिढ्या ज्याच्या जिवावर जेवल्या ते झाड कोणी पाहिलेलं नाही, हे मला तेव्हाच इतकं विनोदी वाटलं की मी हसत सुटले आणि आजोबांचा धपाटा खाल्ला. झाडांच्या नादाला मी लागले ती तिथून.

बाहेरच्यांना वाटतं नर्सरी म्हणजे बी पेरा, पाणी घाला, विका. तसं नसतं. प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. सागाचं बी रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं आठवडाभर छळल्याशिवाय डोळा उघडत नाही. मोहाची बी, म्हणजे टोळी, झाडाखालून उचलली की लगेच मातीत गेली पाहिजे. तिला घरी आणून कौतुक करत बसलात की ती रुसून मरते. बेहड्याचं कवच फोडून द्यावं लागतं. आणि पिशवीतलं रोप अधूनमधून जागचं हलवावं लागतं, नाहीतर मूळ पिशवीचं बूड फोडून खालच्या जमिनीत शिरतं. मग ते रोप आपलं राहत नाही, जमिनीचं होतं. ही पिशवीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकांचं तर काय सांगू. तुमसरचे एक राईस मिलवाले शेठ होते. त्यांनी चंदनाची रोपं नेली आणि मिलच्या मागे ओळीनं लावली. मी सांगत होते की चंदनाशेजारी दुसरं काही लावा, पण शेठ घाईत होते. काही महिन्यांनी ते तणतणत आले. सगळी रोपं पिवळी पडली होती, माझा माल खोटा होता. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की चंदन स्वतःच्या मुळावर जगत नाही. ते शेजारच्या झाडाच्या मुळाला मूळ लावून त्याच्या ताटातलं खातं. ते घरजावई आहे. त्याला सासर दिल्याशिवाय ते धरायचं नाही. शेठ एकदम बाहेर गाडीकडे बघायला लागले. दुकानाबाहेर गाडीत त्यांचा जावई बसला होता, तो त्यांच्याच घरी राहत होता, हे मला मागाहून कळलं. पण शेठ दिलदार होते. पुन्हा रोपं नेली, शेजारी तूर लावली, आणि वर्षाच्या शेवटी मला भेटून म्हणाले की चंदनाचं पुढचं पुढे बघू, तुरीच्या शेंगा फस्कलास होत्या.

मात्र माझ्या नर्सरीत एक कोपरा असा होता जिथे गिऱ्हाईक फिरकत नसे. बिजा, शिवण, कुसुम, रोहण, तिवस, धावडा, चार म्हणजे चारोळीचं झाड, बिबा, ऐन. आमच्या झाडीच्या मुलखातलीच झाडं, पण जंगलातही आता शोधावी लागतात अशी. लोकांना हवं सागवान, नाहीतर निलगिरी. मी मात्र बाजार करून परतताना वाट वाकडी करून बिया गोळा करायची. एक बिजा मला माहीत होता तो पुढे पडला, एका कुसुमावर वीज पडली. त्यांची पोरं फक्त माझ्या कोपऱ्यात उरली होती. आमचे हे त्या कोपऱ्याला ‘तुझं अनाथालय’ म्हणायचे. बिज्याची चौकशी करायला एकच माणूस यायचा, नागपूरचा एक मधुमेही. त्याला रोप नको असायचं, बिज्याच्या लाकडाचा पेला हवा असायचा; त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यालं की साखर उतरते म्हणतात. मी त्याला म्हणायची, झाड लावा आणि नातवाला पेला करून द्या. तो घाबरून निघून जायचा.

एकोडीचे धनराजभाऊ याच सुमारास माझ्याकडे आले. त्यांची धानाची बांधी तलावाखाली होती, आणि वरच्या अंगाला टेकाडाची मुरमाड जमीन पडीक होती. तिथे त्यांना सागवान लावायचं होतं, नुसतं सागवान, ओळीत, कवायतीसारखं. मी म्हटलं, सागवान लावा, पण सोबत बाकीचंही लावा. एकाच जातीचं झाड म्हणजे वीस-पंचवीस वर्षं वाट बघायची आणि मग एकदाच विकायचं. त्या एका वेळी व्यापारी म्हणेल तो भाव. झाड आपल्या मालकीचं असलं तरी सागवान परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्या चकरा वेगळ्या. उलट दहा जाती असल्या की वर्षभर काहीतरी हाताला लागतं: चैत्रात मोहफूल, मग चारोळी, मग जांभूळ, पावसाळ्यात ऐनावर कोसा, थंडीत आवळा-बेहडा, आणि कुसुमावर लाख. कोणतंच एक पीक श्रीमंत करत नाही, पण एक बुडालं तर दुसरं उभं राहतं.

धनराजभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. माणूस हट्टी होता, मूर्ख नव्हता. ते म्हणाले, “बाई, माह्या बापानं झाडी तोडून शेत केलं. आता मी शेत मोडून झाडी करू? लोकं हासतील ना. अन् बिजा-फिजा कोन घेते? सागवानाचा भाव पोराले बी मालूम हाय.” त्यात तथ्य होतं. सागवान म्हणजे खेड्यातली बँक, तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. पण माझा स्वभाव तापट. मी म्हटलं, मग जा त्या बँकेत. ते खरंच गेले आणि दुसरीकडून सागाची रोपं घेऊन आले.

त्यांची बायको शकुन मात्र येत राहिली. आठवडी बाजाराला लाखनीला आली की माझ्याकडे चक्कर, आणि दर खेपेला अनाथालयातलं एक रोप. पैसे मोजून द्यायची, घासाघीस करायची, पिशवी पदराखाली घ्यायची आणि बसमध्ये बसायची. कुठे लावतेस विचारलं तर म्हणायची की धुऱ्यावर, त्याईले दिसत नाई तिकडे, म्हणजे शेताच्या बांधावर. एका बाजूनं नवरा ओळीनं सागवान लावत होता आणि दुसऱ्या बाजूनं बायको चोरून जंगल आणत होती. मला त्या बाईचा फार अभिमान वाटायचा.

आणि मग रस्ता आला. हायवे रुंद होणार, वरून पूल जाणार, आणि त्यात आमची जागाही जाणार असं ठरलं. जागा आमची नव्हतीच, भाड्याची होती, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. आमच्या ह्यांनी दुकान पलीकडे हलवलं. फुलझाडं, कलमं, लिंबं मी विकून मोकळी झाले. उरलं अनाथालय. न खपलेली रोपं वर्षानुवर्षं तिथेच उभी होती, कमरेएवढी, काही माझ्या डोक्याएवढी. मी खाली वाकून एक पिशवी उचलायला गेले तर ती हलेना. बूड फोडून मुळं जमिनीत गेली होती. दुनियेला सांगत फिरणारी मी, पण माझ्याच कोपऱ्यात पिशव्या हलवायच्या राहिल्या होत्या, कारण गिऱ्हाईक नाही म्हणून कोणी हात लावायचा नाही, मीही नाही.

याचा अर्थ असा होता की उचलायची तर मूळ तोडून उचलावी लागणार, आणि मूळ तोडलेलं रोप त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जमिनीत गेलं नाही तर संपलं. म्हणजे आधी जागा हवी, खड्डे हवेत, माणसं हवीत, गाडी हवी, पाऊस हवा, आणि हे सगळं एकाच दिवशी. नाहीतर मशीन येईल आणि या जाती आमच्या भागातून जातील. एवढ्या वर्षांच्या माझ्या वाकड्या वाटा सगळ्या फुकट गेल्या असत्या. त्या काळात मला जेवण गोड लागायचं नाही, हे मी कबूल करते.

मी कायदा मोडला. नर्सरीबाहेर पाटी लावली: ‘झाडे मोफत’. कोणी फिरकलं नाही. एकानं विचारलं की यांना फळं येतात का. एक बकरी मात्र रोज येत होती.

बाजाराच्या दिवशी शकुन आली, पाटी वाचली आणि तिनं ती उपटून आडवी ठेवली. म्हणाली, “काकू, फुकटचं नोको. तुमचाच कायदा हाय. टेकाडावर अर्धं सागवान जळलं, मुरमात धरलंच नाई. खड्डे तसेच उघडे हायत. सगडे झाडं मी घेते.” मी विचारलं, धनराजभाऊ काय म्हणतील? ती म्हणाली की त्यांना आजच सांगायची काही गरज नाही. मी विचारलं, पैसे? तिनं पिशवीतून पायलीभर चिन्नोर काढला. त्या तांदळाचा वास सगळ्या नर्सरीत पसरला. पायलीभर चिन्नोरला शेकडो झाडं हा सौदा तिला फायद्याचा होता की मला, हे आम्हा दोघींना ठरवता येईना, आणि आम्ही दोघी हसत बसलो.

आता गाडीचा प्रश्न. सगळे ट्रॅक्टर कुठे ना कुठे गुंतलेले. शेवटी आमच्या ह्यांना एक गिऱ्हाईक आठवलं: एका नाटक कंपनीचा ट्रक, जो आदल्या दिवशी पंक्चरला आला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. नाटक असलं की गावातलं प्रत्येक घर लेकी-जावयांना, पाहुण्यांना निरोप धाडतं. पावसाळ्यात मात्र या कंपन्यांना काम नसतं, ट्रक रिकामा उभा. तो मिळाला. अगदी रिकामा नव्हता म्हणा. आत राजवाड्याचा पडदा गुंडाळून ठेवलेला होता, एक सोनेरी सिंहासन होतं आणि वरती भोंगा. ड्रायव्हर स्वतःच नाटकात खलनायक करायचा. मोठ्या मिशांचा, गडगडाटी आवाजाचा, आणि अत्यंत हळव्या मनाचा माणूस.

आम्ही पहाटे उठून रोपं खणली. मी कुदळीनं मुळं तोडत होते आणि प्रत्येकाची माफी मागत होते, खलनायक ती एकेक उचलून ट्रकमध्ये ठेवत होता आणि डोळे पुसत होता. बिजे सिंहासनावर बसवले, कारण तेवढीच जागा उरली होती. पावसाची भुरभुर सुरू झाली. आम्ही निघालो.

एकोडीची शीव आली आणि खलनायकानं काही विचार न करता, बैलाचा पाय आपोआप गोठ्याकडे वळावा तसा, भोंगा सुरू केला. नाटकाच्या जाहिरातीचं गाणं, आणि मग त्याचाच तो गडगडाट: रसिकहो, या, या. हात सवयीचा, त्याचा तरी काय दोष. पण गावाचं काय झालं ते बघा. रोवणी नुकतीच संपलेली. महिनाभर चिखलात वाकून माणसं कंटाळली होती आणि करमणुकीला आसुसली होती. नाटकाचा ट्रक, भोंगा, आत सिंहासन. अवेळी का होईना, नाटक आलं. कोणी विचारलं नाही, कोणी थांबलं नाही. आम्ही शकुनच्या टेकाडाशी पोहोचेपर्यंत गावातले सगळे फोन लागलेले होते. साकोलीला, लाखनीला, कुठे कुठे. जावई निघाले होते, मामे-मावश्या निघाल्या होत्या, घराघरांत वडे तळायला घेतले होते.

धनराजभाऊ धावतच आले. त्यांच्या हातात फोन होता. त्यांच्या दोन्ही बहिणी नवऱ्यांसकट निघाल्या होत्या. त्यांनी ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. राजवाड्यात जंगल उभं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शकुनकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या क्षणी मी घाबरले. ते नाही म्हणाले असते तर त्या रोपांना घेऊन मी कुठे गेले असते? तोडलेल्या मुळांवर ती चोवीस तासांची पाहुणी होती.

पण त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत माणसं जमायला लागली, आणि दुपारपर्यंत टेकाडाखाली हीऽ गर्दी. माणसं चटया घेऊन आली होती. स्टेज कुठे, असं विचारत होती. सरपंचांनी धनराजभाऊंना चारचौघांत विचारलं की नाटक कोणतं आहे. धनराजभाऊंना घाम फुटला. आपण हसं होऊ ही भीती त्यांनी इतकी वर्षं बाळगली होती, आणि आता सगळं गाव आणि गावाचे सगळे जावई एकाच वेळी हसायला जमले होते.

शकुन ट्रकच्या फाळक्यावर चढली. माईक खलनायकानं तिच्या हातात दिला. ती म्हणाली, “नाटक नाई हाय. झाडं हायत. आजच नाई लावले त मरून जातीन. पाव्हणे आलेच हायत त एकेकानं एकेक झाड लावून जा. ज्यानं लावलं, त्याच्या नावाचं झाड.” मग एक म्हातारी उठली, सिंहासनाकडे बोट दाखवून म्हणाली की माझ्या जावयाला त्या राजाच्या गादीवरचं झाड पाहिजे, आणि तिचा जावई, साकोलीचा एक भला मोबाईल दुरुस्तीवाला, इस्त्रीच्या पँटीनिशी मुरमात उतरला.

मग काय सांगू. कोणाचा जावई कोणतं झाड लावतो यावर सासरवाड्यांची चुरस लागली. तुमच्या जावयाला बिजा मग आमच्याला काय बिबा? बिबा अंगावर उततो, तो नको. एका मावशीनं दोन जावयांना दोन ऐन दिले, म्हणजे भांडण नको. मी ओरडत होते की मूळ वाकवू नका, माती दाबा, आळं करा, आणि खलनायक माझं प्रत्येक वाक्य भोंग्यावरून खलनायकी आवाजात पुन्हा सांगत होता. “मूळ वाकवलं... तर याद राख!” पोरं-बायका हसून बेजार. धनराजभाऊंचे मेहुणे, म्हणजे दोन्ही बहिणींचे नवरे, त्यांनी शिवण लावली. आणि शेवटी धनराजभाऊंनीसुद्धा धोतर खोचून एक कुसुम लावला, सगळ्यांत उंच टोकावर, कोणाचं लक्ष नाही असं बघून. माझं लक्ष होतं.

अंधार पडायच्या आत सगळी रोपं जमिनीत होती आणि पाऊस चांगला धरला होता. खलनायकाला राहवेना. त्यानं राजवाड्याचा पडदा दोन सागांना बांधला, सिंहासन पुढे ठेवलं आणि भर पावसात एक प्रवेश करून दाखवला, नायकाचंही काम स्वतःच, नायिकेचंही स्वतःच. लोक छत्र्या धरून बसले होते. मी इतकं सुंदर नाटक पुन्हा पाहिलं नाही. मला वाटतं त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यांत आनंदी बाई होते, आणि माझ्या नखांत मुरूम होता.

सगळं जगलं असं मी म्हणणार नाही. चार एकही वाचला नाही. चारोळीच्या झाडाचं मूळ सरळ खोल जातं, ते तोडलेलं त्याला सोसत नाही. मला हे माहीत होतं, तरी मी आशा धरली होती. रोहण गेले, तिवसही गेले. त्या बिया आता मिळत नाहीत, त्यांचं वाईट मला कायम वाटतं. पण बाकीचं जगलं, आणि कशामुळे जगलं ते ऐका. जावयांमुळे. दर सणाला सासरी आलेला प्रत्येक जावई जेवण झालं की टेकाडावर आपलं झाड बघायला जायचा. झाड सुकलेलं दिसलं तर सासरवाडीची काय इज्जत राहणार? त्यामुळे जावई यायच्या आधी सासरे स्वतः घागरी घेऊन वर जायचे. बकरी शिरली तर अख्खं गाव धावायचं. असा पहारा मी पैसे देऊनही लावू शकले नसते.

आज तिथे ऐनावर कोसा होतो. पहिल्यांदा तिथले कोष हातात घेतले तेव्हा मला आजोबांचा धपाटा आठवला आणि डोळे भरून आले. मोहाची फुलं शकुन चैत्रात वेचते. एक शिवण वादळात पडली, ती नाटकवाल्यांनी ढोलकीच्या खोडासाठी नेली आणि चांगला भाव दिला. धनराजभाऊंचं सागवानही तलावाच्या बाजूला जोरात आहे. पावसाळ्यात अळी पानांची जाळी करते तेव्हा ते मला फोन करून मीच ती अळी पाठवल्यासारखं बोलतात. पण आल्यागेल्याला आधी आपला कुसुम दाखवतात. हिशेब त्यांनी मला एकदा थोडक्यात सांगितला: धान बुडालं त्या साली टेकाडानं घर चालवलं. यापेक्षा जास्त आकडे मी विचारले नाहीत.

माझं स्वतःचं मात्र एकही झाड उरलं नाही. आता आम्ही लाखनीत पुलाच्या मागे दोन खोल्यांत राहतो. समोर थोडी मोकळी जागा आहे. म्हातारपणी तिथे एक बिजा असावा असं मनानं घेतलं. मागच्या पावसाळ्यात मी एकोडीला गेले. शकुननं विहिरीजवळ सावलीला छोटी नर्सरी केली आहे. सिंहासनावर बसून आलेल्या त्या बिज्यांच्या बियांची रोपं, पिशव्यांत, ओळीनं. मी एक पिशवी उचलून पाहिली. सहज उचलली गेली. ती वेळेवर हलवत होती.

चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मी ते रोप काखेत धरून निघाले. शकुननं दारात हात आडवा केला.

“पायलीभर चिन्नोर, काकू.”

मी म्हटलं, अगं, झाड माझ्याच झाडाचं. ती म्हणाली, “कायदा बी तुमचाच हाय.”

माझ्याजवळ तांदूळ कुठून असणार? मी धनराजभाऊंकडे पाहिलं. ते गंभीर चेहऱ्यानं उठले, कोठीतून पायलीभर चिन्नोर मोजून आणला, बाजारभावानं माझ्याकडून पैसे घेतले आणि सुटे परत दिले. मी तो तांदूळ चार पावलं चालत नेऊन शकुनच्या सुपात ओतला. तिनं सूप पाखडून बघितलं आणि मग रोप दिलं. परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

बिजा आता दारात आहे, बोरीच्या काट्यांचं कुंपण करून. त्या जुन्या बकरीची कोणीतरी नातवंडं रोज फाटकाशी येऊन उभी राहतात. मी आतून काठी घेऊन उठते. आमचे हे म्हणतात, एवढं काय त्या रोपाचं? मी त्यांना सांगते, फुकट आणलेलं नाही.